पृथ्वीला बंदी

आमच्या शाळेत पृथ्वीला बंदी होती. म्हणजे भूगोलाच्या तासाला ती आपली गरगर फिरायची, माझ्या विज्ञानाच्या तासाला तिला ग्रहणबिहण लागायचं, पण चित्रकलेच्या खोलीत तिला प्रवेश नव्हता. तिथे ड्रॉइंग सर बसत. एखाद्या पोरानं कंपास काढून कागदाच्या मधोमध वर्तुळ ओढायला घेतलं की मागून आवाज यायचाच, "गोळा काढून राहिला का रे? खोड."

"सर, धरती है।"

"मालूम आहे मले. तू पाह्यली काय कधी?"

"फोटो में देखी है।"

"तं मंग ज्यानं फोटो काढला त्याले काढू दे. तू तुझं काढ."

समोरचं पोर छत्तीसगढी असो, तेलुगू असो की मल्याळी, सर त्याच्याशी मराठीतच बोलत. तेही भंडाऱ्याकडच्या मराठीत. भिलाईत सगळ्या मुलखांतून माणसं स्टील प्लांटच्या नोकरीला आली आणि हिंदीत येऊन भेटली. सर तेवढे भेटायला आले नाहीत. गंमत म्हणजे पोरांना सगळं कळायचं. स्टाफरूममध्ये त्यांच्याशी मराठी बोलणारी मी एकटी, त्यामुळे त्यांचा सगळा संताप माझ्या वाट्याला यायचा.

आणि संतापायला त्यांना कारणं कमी नव्हती. रडणारी पृथ्वी, तोंडात थर्मामीटर धरलेली पृथ्वी, दोन गोऱ्या तळहातांवर बसवलेली पृथ्वी. अर्धं हिरवं, अर्धं वाळलेलं झाड. मोबाइलला साखळीनं बांधलेला तरुण, आणि त्याच्या बाजूला पुस्तक घेऊन हसणारा दुसरा तरुण, ज्याचं कुणाशीच काही जुळणार नाही असं त्याच्या भांगावरूनच दिसायचं. शाळाशाळांत अशी पोस्टरं लागतात, बक्षिसं मिळवतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच लागतात. ज्या गावात मे महिन्यात कुलरसमोर बसूनही पाठ भिजते, तिथली पोरं बर्फावरचं पांढरं अस्वल काढायची. अहिवाऱ्याहून बसनं येणाऱ्या एका पोरानं असंच अस्वल काढलं होतं. त्याच्या गावाकडे चुनखडीच्या खाणी; झाडांची पानं पांढरी, बसच्या काचा पांढऱ्या, पोराच्या भुवयासुद्धा पांढऱ्या. सर त्याच्याकडे बघतच राहिले.

"पांढरंच काढायचं हाये तं तुझ्या घरासमोरचं झाड काढ ना बाप्पा! अस्वल कावून?"

"सर, झाड पे प्राइज नहीं मिलता।"

पोर खरं बोललं होतं. सरांनी त्याला खडू मारला नाही, एवढंच.

माणूस दिसायला किडकिडीत. कानाला पेन्सिलीचा तुकडा, विजारीला कधीचे तरी वाळलेले रंग, आणि स्कूटरला सायकलच्या ट्यूबनं बांधलेला ड्रॉइंगचा फळा. रस्त्यात कोणी बरा उभा दिसला की स्कूटर थांबवून म्हणत, "हलू नका जी." एकदा प्रार्थनेनंतर प्रिन्सिपल मॅडम शिस्तीवर बोलत होत्या, हात वर उगारलेला, आणि सर आठवीच्या पोरांना मागच्या रांगेत बसवून मॅडमचंच चित्र काढायला लावत होते. मॅडमनी हात खाली घेतला तसे सर मोठ्यानं म्हणाले, "मॅडम, हात जरा तसाच ठेवा, पोट्ट्यायचं झालं नाही." मॅडम बिहारकडच्या. त्यांना शब्द कळले नाहीत, पण सगळी शाळा हसली ते कळलं. तेव्हापासून त्या सरांवर डूख धरून होत्या असं म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्या सगळ्यांवरच धरून असत.

सरांचा फोन बटणांचा, डबा. त्यामुळे स्टाफरूममध्ये जे फोटो या हातातून त्या हातात जायचे ते त्यांना कोणीतरी मुद्दाम दाखवावे लागत, आणि दाखवणाऱ्याला पश्चात्ताप व्हायचा. एकदा गणिताच्या सरांनी दाखवला. बाकावर पोरं ओळीनं बसलीत, माना फोनमध्ये, आणि बाजूला एक म्हातारी उभी. खाली लिहिलेलं, 'आज की युवा पीढ़ी'. सगळ्यांनी एकेक करून च्यक्‌च्यक्‌ केलं. आमच्या सरांनी चष्मा चढवला, फोन नाकाशी नेला.

"हे पोट्टे कुठचे?"

"कहीं के भी होंगे सर, बात समझिए।"

"कुठचे ते मालूम नाही, ती बुढी कोण ते मालूम नाही, अन् बात समजू? बरं, ज्यानं हा फोटो काढला त्याच्या हातात काय होतं?"

सरांनी फोन उलटा करून मागून पाहिला.

"फोनच ना? मंग तो कोणत्या पिढीचा?"

गणिताच्या सरांनी फोन परत घेतला. पुढे त्यांनी सरांना काही दाखवलं नाही. ग्रुपवर टाकायचं मात्र सोडलं नाही.

हा एवढा राग कशाचा, असं मी एकदा स्पष्टच विचारलं. मला वाटलं कलेबिलेवर भाषण मिळेल. पण त्यांनी सांगितली ती वेगळीच गोष्ट. शाळेत लागायच्या आधी ते एका ठेकेदाराकडे प्लांटसाठी बोर्ड रंगवायचे. 'सुरक्षा पहले' वगैरे. त्या बोर्डावर एक जवान कामगार असायचा. पिवळं हेल्मेट, अंगठा वर, गाल गुलाबी. ठेकेदारानं एक नमुना दिलेला, तोच जिथे तिथे उतरवायचा.

"ते गाल माझेच आहेत मॅडम," सर म्हणाले. "गुलाबी रंग संपला की ठेकेदार बोंबले. माझा बाप कोक ओव्हनले होता, कोळशाच्या भट्टीवर. ड्युटीवरून घरी आला की नुसते डोळे अन् दात दिसत. एक दिवस मले म्हणते, गेटवर तो पोरगा लावला तुमी, तो कोणत्या डिपार्टमेंटचा हाये रे? मी एवढी वर्षं काढली, मले कधी दिसला नाही."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगणार! बाप आपला शोधून राहिला होता त्याले. चांगला पोरगा दिसते म्हणे."

सर हसले नाहीत. मीही हसले नाही, पण हसू येत होतं हे खरं.

तर असा हा माणूस, आणि त्याच्या नोकरीवर एके दिवशी गदा आली. शाळेनं वर्गावर्गात मोठे पडदे बसवले. बोटानं टिचकी मारली की पडद्यावर फूल उमलतं, बेडूक कापला जातो, आणि चित्रकलाही त्यातच शिकवलेली असते. मग ड्रॉइंग मास्तर ठेवायचा कशाला? मॅनेजमेंटनं ठरवलं, पुढच्या सत्रापासून ही जागा बंद. सरांची पन्नाशी उलटलेली, बायको कायमची औषधांवर, मुलीचं कॉलेज चालू. या वयात दुसऱ्या शाळेत कोण दारात उभं करणार? प्रिन्सिपल मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, रायपुर वाली प्रतियोगिता में पहला नंबर ले आइए। फिर मैं मैनेजमेंट से लड़ लूँगी।" लढणार होत्या हेही काही थोडं नव्हतं.

स्पर्धेचा विषय होता 'वैश्विक समस्याएँ और आज का युवा'. सरांनी कागद वाचला आणि मला विचारलं, "दोन्ही एकाच कागदावर?"

मी म्हटलं, "सर, मेहरबानी करा. एक गोळा काढू द्या पोरांना. एकच. पोटापुढे कसली आली बंदी!"

"तुमी पण?" एवढंच बोलले. पण दुसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि फळ्यावर खडूनं पृथ्वी काढली. मी दारातून पाहिली. काय सांगू, हाताला अडखळणं म्हणून नव्हतं! डोळ्यांत थेंब, तोंडात थर्मामीटर, एका अंगाला हिरवं झाड, दुसऱ्या अंगाला सुकलेलं, खाली साखळदंडातला तरुण, कोपऱ्यात कबुतर. बक्षीस मिळवणारं पोस्टर, जसंच्या तसं. पोरांनी टाळ्या पिटल्या.

"असं काढतात," सर म्हणाले. "काढा आता."

आणि इथे घोडं अडलं. वर्षानुवर्षं बंदीत वाढलेली पोरं ती. त्यांना गोळा येईचना. कोणाची पृथ्वी पपईसारखी, कोणाची पंक्चर झालेल्या चेंडूसारखी. एकीनं थर्मामीटर काढला तो उदबत्तीसारखा दिसत होता. सर बाकांमधून फिरत राहिले. पोरांना जमत नव्हतं आणि सरांना बघवत नव्हतं. शेवटी त्यांनी बाहीनं फळा पुसला आणि म्हणाले, "जाऊ द्या. नाही जमत तुमाले. जे येते ते काढा."

आठवीत मयुरी नावाची मुलगी होती. भिलाईला लागूनच असलेल्या कुरुदला राहायची. घर मराठीच, गोंदियाकडचं. तिनं आपल्या घराचं छत काढलं. दिवस मावळलेला, आणि मागचं सगळं आभाळ लालभडक. भिलाईबाहेरच्यांना हे सांगावं लागतं. लोखंड वितळवल्यावर वर जो मळ उरतो त्याला स्लॅग म्हणतात. तो तापलेला असतानाच मोठ्या भांड्यांत भरून इंजिननं नेतात आणि ओततात, तेव्हा आभाळ लाल होऊन जातं. पूर्वी फार दिसायचं, आता कधीमधी. मयुरीचे बाबा ते इंजिन चालवायचे. त्यामुळे आभाळ लाल झालं की त्यांच्या घरी बरं वाटायचं. बाबा कामावर आहे, सगळं ठीक आहे. चित्रात आजी मेथी निवडत होती, जिन्याच्या तोंडाशी बाबांच्या चपला होत्या, आणि कठड्याला टेकून मोठा भाऊ फोनकडे बघून खो-खो हसत होता.

सरांनी विचारलं, "हा भाऊ कावून हासून राहिला?"

"बाबानं गेटवरून फोटो पाठवला ना सर. बाबाले सेल्फी नाही जमत. पहले कपाळ येते, मंग नुसतं हेल्मेट. भैया रोज हासते."

सर खिडकीपाशी गेले, परत आले, आणि म्हणाले, "खाली नाव टाक." त्यांच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी मी कोणाला मिळालेली पाहिली नाही.

चित्र रायपूरला गेलं आणि पहिलं आलं!

शाळेत पेढे वाटले. सर पेढा हातात धरून उभे होते, आणि मॅडम परीक्षकांचं मत वाचून दाखवत होत्या. 'जलती हुई धरती और मोबाइल में खोया युवा.' लाल आभाळ म्हणजे होरपळणारी पृथ्वी. म्हातारी म्हणजे हताश झालेली जुनी पिढी. रिकाम्या चपला म्हणजे घर सोडून गेलेली माणुसकी. आणि जग जळत असताना हसणारा तो निर्लज्ज पोरगा म्हणजे आजची तरुणाई. मी सरांकडे पाहिलं. त्यांच्या हातातला पेढा बोटांना लागत चालला होता.

"सर, आपकी पोस्ट बच गई," मॅडम म्हणाल्या. खरोखर आनंदानं म्हणाल्या.

सर म्हणाले, "हाव."

माझा जीव भांड्यात पडला. परीक्षक गाढव असतील, असोत बापडे! आमचे सर तर राहिले.

मग सत्कार झाला. हिंदीच्या बाईंनी मयुरीला चित्राचा अर्थ लिहून दिला होता, तो तिनं पाहुण्यांसमोर म्हणायचा होता. 'मोबाइल में खोया हुआ मेरा भाई' इथपर्यंत आली आणि थांबली. पुढचं वाक्य भावाच्या लाजलज्जेविषयी होतं. तिनं स्टेजच्या कडेला उभ्या असलेल्या सरांकडे पाहिलं. सरांनी दोन शब्द बोलायची देर होती. मॅडमही त्यांच्याकडे पाहत होत्या. सर आपल्या बुटांकडे बघत राहिले. मयुरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, तसे पाहुणे उठले, "देखिए, बच्ची धरती के लिए रो रही है," म्हणाले, आणि सभागृहभर टाळ्या झाल्या. मला इतका संताप आला होता की टाळ्या वाजवणाऱ्या गणिताच्या सरांना मी कोपर मारलं.

चित्र काचेत घालून मॅडमच्या ऑफिसात लागलं. खाली पितळेची पाटी, 'जलती हुई धरती'. त्याचा फोटो पेपरात आला, पेपरातून फोनवर गेला, आणि मग त्याला पाय फुटले. कोणी आजी कापली, कोणी चपला कापल्या. शेवटी उरलं लाल आभाळ आणि दात काढून हसणारा पोरगा. तोच फोटो फिरत फिरत आमच्याच स्टाफरूममध्ये परत आला. खाली लिहिलेलं, 'अपने बच्चों को बचाइए'.

कुरुदला सगळे सगळ्यांना ओळखतात. मयुरीचा भाऊ आयटीआय करून प्लांटच्या भरतीची वाट बघत एका ठेकेदाराकडे कामाला जात होता. दिसला की नाक्यावरची पोरं ओरडायची, "ए जलती धरती!" ठेकेदारही गमतीनं म्हणाला म्हणे, काम कर, नाहीतर दुनिया जळून जाईल.

सरांची जागा टिकली. मॅडमनी शब्द पाळला. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेसाठी पोरांनी कागद रंगवले आणि मी सरांच्या खोलीत गेले तर टेबलावर गठ्ठा. सर एकेक कागद उलटत होते. लाल आभाळ. लाल आभाळ. लाल आभाळ, आणि प्रत्येक छतावर फोन घेऊन हसणारं कोणीतरी. ज्याच्या बापाचं कापडाचं दुकान होतं त्याचंही लाल. अहिवाऱ्याच्या त्या पोराचंसुद्धा लाल. यंदा त्याला प्राइज कशावर मिळतं ते कळलं होतं.

मयुरीचा कागद तळाशी होता. तेच छत, आजी, मेथी. आभाळ साधं, राखाडी. कठड्यापाशी कोणी नाही.

सरांनी तिला बोलावलं. "भैया कुठं आहे?"

"तो आता छतावर येतच नाही सर. मोहल्ल्यातले पोट्टे आवाज देते त्याले." मग म्हणाली, "तुमीच सांगता ना, जे दिसते तेच काढा."

पोरीनं टोमणा मारला नव्हता. सांगितलं होतं, बस्स. सर उठले आणि सरळ ऑफिसात गेले. मी मागोमाग. त्यांनी खुर्ची ओढली, वर चढले आणि भिंतीवरचं चित्र उतरवलं.

"सर! ये स्कूल की प्रॉपर्टी है।"

"चित्र पोट्टीचं आहे मॅडम. खालची पाटी शाळेची. ती राहू द्या."

"सोच लीजिए। इसी चित्र पर आपकी पोस्ट टिकी है।"

"हाव," सर म्हणाले. "म्हणून तं नेऊन राहिलो."

मॅडमना या वेळी एकूण एक शब्द कळला. महिन्याअखेर सरांची जागा बंद झाली. पाटी अजून तिथेच आहे. पाहुणे येतात, पाटी वाचतात, वरच्या कोऱ्या भिंतीकडे बघतात, आणि "बहुत गहरी बात है" म्हणून मान हलवतात. शपथेवर सांगते, एका साहेबानं त्या भिंतीचा फोटोही काढला.

त्या दिवशी मात्र आम्ही शाळा सुटल्यावर कुरुदला गेलो. सर स्कूटर चालवत होते, मागे मी, मांडीवर काचेचं चित्र. प्रत्येक खड्ड्याला मी त्यांच्या नावानं बोटं मोडत होते. घरी आजीनं दार उघडलं. मयुरी आमच्या आधीच पोचली होती. पोरगा आतल्या खोलीत पंख्याखाली पडलेला. सरांनी चित्र खाटेवर भिंतीला टेकवून ठेवलं.

"पाहा."

"देख लिया सर," तो मान न वळवता म्हणाला. "सबने देख लिया।"

"फोनवर पाह्यलं तू. चित्र कुठं पाह्यलं?"

बराच वेळ तो उठला नाही. मग उठला. खाटेसमोर उकिडवा बसला. त्याची नजर आधी स्वतःवर गेली आणि चटकन तिथून निघाली, मग आजीवर गेली, मग जिन्याकडे.

"यामध्ये बाबाची चप्पल बी आहे," तो म्हणाला. मराठीत.

"हाव."

"मी इतका हासत होतो, सर?"

"मले काय मालूम! तुझ्या बहिणीले दिसला तू तसा."

त्यानं बहिणीकडे पाहिलं नाही. दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मला रडू कोसळलं. बाहेरच्यांसमोर रडू नये वगैरे मला कधी जमलंच नाही. आजी म्हणाली, बाई, पाणी आणू काय तुमाले? तेवढ्यात तो उठून कुठूनसा खिळा आणि दगड घेऊन आला. सरांनी स्टुलावर चढून खिळा ठोकला. ज्याची नोकरी जाणार होती तो माणूस दुसऱ्याच्या भिंतीत खिळा ठोकत होता, आणि त्याचा चेहरा असा की बक्षीस त्यालाच मिळालं असावं. पोरानं चित्र टांगलं, हात तसाच काचेवर ठेवून मागं वळला.

"सर, सीधा आहे ना?"

"मागं सरक," सर म्हणाले. "अन् तूच पाहा."